दोन बोटांचा लाल पट्टा

सोनेरी अक्षरं शोधत असाल तर इथं मिळायची नाहीत. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर आहेत. मी प्रबंधाची कच्ची प्रत. झेरॉक्सचा पातळ कागद, वर एक पारदर्शक पान, पाठीला काळी प्लास्टिकची स्पायरल, तीही दोन ठिकाणी तुटलेली. आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. मला माझ्या बहिणीचा मत्सर वाटतो. पूर्वी वाटायचा असं नाही, आजही वाटतो.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या गेटजवळ फकिराभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. त्या दिवशी वीज दोनदा गेली, त्यामुळे मी अर्धी सकाळी छापले गेले आणि अर्धी दुपारी. मला लिहिणारी रत्नमाला काउंटरला टेकून उभीच होती. पान बाहेर पडलं की उचलून बघायची, फुंकर मारायची, रांगेत लावायची. तिनं विचारलं, "भाऊ, जरा चांगला कागद नाही का?"

फकिराभाऊ हसले. "कच्ची को कौन देखता मॅडम? शान तो पक्कीच की रहती!"

अजून पाठीला स्पायरलही बसली नव्हती आणि मला माझी जागा कळली. पक्की कोण, कुठली, मला ठाऊक नव्हतं. ती जन्मलीच नव्हती. पण तेव्हापासूनच ती माझ्या डोळ्यांत सलू लागली.

रत्नमाला गंगापूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं सगळं आणि स्टाफरूममध्ये खुर्ची शोधत फिरायचं. नऊ वर्षं ती सिडकोतून जीपनं जा-ये करत होती. घराणं वैजापूरकडचं, मेंढरं राखणारं. तिचे वडील रामहरी मेंढरं सोडून मार्केट यार्डात कामाला लागले आणि लेकीला शिकवलं. कॉलेजात आता इंग्रजीची एक कायमची जागा निघणार होती. मुलाखतीला पीएच.डी. हवी होती. नऊ वर्षांत निघालेली ती पहिली जागा. त्यामुळे माझ्या दोनशे अडुसष्ट पानांवर त्या बाईचं सगळं पुढचं आयुष्य टेकलेलं होतं.

विषय होता मेंढपाळ बायकांच्या ओव्यांचं इंग्रजी भाषांतर. माझी पहिली तीन प्रकरणं परदेशी विद्वानांच्या मतांनी गच्च भरलेली आहेत. भाषांतरात काय हरवतं, काय उरतं, कोण बोलतं, कुणाच्या वतीनं बोलतं, यावर ती मंडळी पानोपान भांडतात. खरं सांगू? ती पानं मला स्वतःलाच जड जातात. माझा जीव आहे चौथ्या प्रकरणात. तिथं डाव्या बाजूला ओवी, जशी गायली तशी, आणि उजव्या बाजूला तिचं इंग्रजी.

रत्नमालेचे मार्गदर्शक विश्वजीत सर. घरची बागायत जमीन, बोलणं मऊ, पण हातात लाल पेन आलं की दयामाया नाही. 'वाक्य इंग्रजी वाटत नाही', 'पुन्हा करा', 'हा शब्द कुठून काढला?' असं त्यांनी माझ्या समासात लिहिलं. रत्नमाला बिचारी एका ओवीचं इंग्रजी अकरा-अकरा वेळा करायची. तिच्या घरच्या भाषेत मेंढराला वयाप्रमाणे, रंगाप्रमाणे, कानाप्रमाणे वेगवेगळं नाव आणि इंग्रजीत येऊन सगळी एकाच दारातून आत घुसायची. ती खोडायची, वर लिहायची, पुन्हा खोडायची. तिच्या हाताचा घाम, पोळीचं तूप, पेनाची शाई, सगळं मी अंगावर घेतलं. पक्कीनं यातलं काय घेतलं?

मग फेब्रुवारीत ती मला पिशवीत घालून वैजापूरजवळ आत्याकडे घेऊन गेली. आत्या म्हणजे पुतळाबाई, रामहरींची थोरली बहीण. प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या ओव्या तिच्याच गळ्यातल्या. एका शेतकऱ्याच्या कांदा काढलेल्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. रत्नमाला घोंगडीवर बसली, मला मांडीवर उघडलं आणि म्हणाली, "आत्या, मी तुझी ओवी इंग्रजीत कशी केली ते आता आपल्या बोलीत उलटी करून सांगते. बरोबर वाटली तर व्हय म्हण. नाही वाटली तर बदलू."

"आन् व्हय म्हनल्यालं तुझ्या ध्यानात कसं ऱ्हाईल?"

"खूण करते ना पेनानं."

"तुझी खूण कशाला? ओवी माझी हाय." पुतळाबाईंनी कमरेची डबी काढली. मेंढरांच्या पाठीवर लावायचा लाल रंग. प्रत्येक घराची खूण वेगळी असते. दोन कळप एकमेकांत मिसळले की त्या खुणेवरून आपलं मेंढरू ओळखायचं. पुतळाबाईंच्या घरची खूण दोन बोटांचा पट्टा. पहिली ओवी ऐकली, मान डोलावली, डबीत दोन बोटं बुडवली आणि माझ्या समासात सरळ पट्टा ओढला. "ही आपली," म्हणाल्या.

मी शहारले. कुठल्या पुस्तकाच्या नशिबी असं असतं? तीन दिवस हेच चाललं. काही ओव्यांना पट्टा मिळाला, काहींना "ह्ये माझं नाय, तुझ्या सरचं हाय" म्हणून परत पाठवलं. त्या रत्नमालेनं तिथंच बसून बदलल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे त्रेचाळिसावं पान आलं.

त्या पानावरची ओवी विश्वजीत सरांची सगळ्यांत लाडकी. "हे पान म्हणजे प्रबंधाचा कळस आहे," असं ते तीनदा म्हणाले होते. पुतळाबाईंनी ती एकदाच गायली होती, तीही रत्नमाला "अजून एक, अजून एक" म्हणून मागं लागली तेव्हा. रत्नमालेनं वाचून दाखवलं. पुतळाबाईंनी डबीत बोटं बुडवली, हात माझ्या समासापर्यंत आणला, आणि थांबवला. बोटं लुगड्याला पुसली, डबीचं झाकण लावलं.

"ह्याला नगं."

"का आत्या? चुकलं का?"

"चुकलं न्हाई. फुडल्या खेपेला सांगते."

तेवढ्यात रस्त्यावरून जीपवाल्यानं हॉर्न मारला. ती जीप चुकली तर पुढची संध्याकाळी होती, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षा. रत्नमाला घाईनं उठली. मनात म्हणाली असेल, येऊ की पुढच्या आठवड्यात. पण पुढच्या आठवड्यात पेपर तपासायचे होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात सरांनी प्रबंध जमा करायची तारीख आणून दिली, आणि पुतळाबाईंचा कळप दूर निघून गेला. पुढची खेप काही झाली नाही. एकशे त्रेचाळिसावं पान खुणेशिवायच पुढं गेलं, आणि ओवीखाली गाणारीचं नाव छापलं गेलं, पुतळाबाई.

आणि मार्चमध्ये माझी बहीण जन्माला आली. काय तिचा थाट! जाड पांढराशुभ्र कागद, काळं रेक्झिन, पाठीवर आणि पोटावर सोनेरी अक्षरं. फकिराभाऊंनी तिला फडक्यानं पुसून दोन्ही हातांनी दिलं. रत्नमालेनं घरी नेऊन देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. रामहरींनी हात धुऊन तिला स्पर्श केला. शेजारपाजारचे येऊन तिच्यासोबत फोटो काढून गेले. माणसांची ही एक गंमत आहे, पुस्तकाची पूजा करतील, आरती ओवाळतील, आणि उघडून एक ओळ वाचायची नाहीत. मी तिथंच खुर्चीवर पडले होते. कुणीतरी मला उचलून खाली ठेवलं, कारण त्या खुर्चीवर पाहुणे बसायचे होते.

मग माझी रवानगी लोखंडी कपाटावर झाली, पाहुण्यांच्या गाद्यांखाली. सात महिने मी तिथं पडून जळफळत होते. माझ्यातली प्रत्येक ओळ तिनं फुकट घेतली. अकरा वेळा खोडलेलं मी सोसलं आणि बारावं, नीटनेटकं, तिच्या वाट्याला गेलं. एकाच गोष्टीनं मला आतून गुदगुल्या व्हायच्या. एकशे त्रेचाळिसाव्या पानाचं गुपित मला ठाऊक होतं. तिच्या अंगावर एकही खूण नव्हती, म्हणून तिला पत्ताच नव्हता की कुठली ओवी आपली आणि कुठली नाही. मी मनात म्हणायचे, मिरव, मिरव! एक दिवस तुझी फजिती होणार आहे आणि ती बघायला मी जिवंत असणार आहे.

ऑक्टोबरात मौखिक परीक्षा ठरली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. रत्नमालेकडचं अख्खं घर आलं. रामहरी नवा फेटा बांधून, पुतळाबाई नवं लुगडं नेसून. टिपणं माझ्यातच होती म्हणून रत्नमालेनं मला कापडी पिशवीत घालून नेलं आणि पिशवी टेबलाखाली ठेवली. पक्की कुठं? टेबलावर, मधोमध, शालीवर. बरोबर नऊ दिवसांनी गंगापूरची मुलाखत होती. आज सह्या झाल्या तर पदवीचं पत्र वेळेत हातात येणार होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक होत्या सोनिया मॅडम. शिकवतात हैदराबादला, पण माहेर नांदेडचं, त्यामुळे मराठी अस्खलित. त्यांनी माझ्या बहिणीला हातात घेतलं आणि कौतुकच सुरू केलं. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तर त्या थांबल्याच. "गेल्या कित्येक वर्षांत असं भाषांतर वाचलं नव्हतं," म्हणाल्या. विश्वजीत सर खुर्चीत टेकून बसले. मी पिशवीत दातओठ खात होते. पुढं त्यांनी विचारलं, "पण हे गाणाऱ्या बाईंना मान्य आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? प्रबंधात तुम्ही लिहिलंय की वाचून दाखवलं. लिहितात सगळेच."

रत्नमाला वाकली आणि तिनं मला बाहेर काढलं.

काय सांगू! माझी तुटकी स्पायरल, तुपाचे डाग, आणि पानापानावर लाल पट्टे. रत्नमालेनं खुणेची पद्धत सांगितली तेव्हा खोलीतली माणसं उठून जवळ आली. सोनिया मॅडमनी पक्कीला बाजूला सरकवलं, हो, बाजूला सरकवलं, आणि मला तिच्या जागी शालीवर ठेवलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं सुख. त्या एकेक पान उलटत होत्या आणि मी फुलत होते. एकशे एकेचाळीस, पट्टा. एकशे बेचाळीस, पट्टा. एकशे त्रेचाळीस.

"अरे, इथं खूण नाही?"

तोच क्षण, ज्याची मी सात महिने वाट बघत होते. पण मी रत्नमालेकडे बघितलं आणि माझं सगळं सुख उतरलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. मला धाकटीची फजिती हवी होती, रत्नमालेची नको होती. दोन्ही एकच आहेत, हे गाद्यांखाली पडून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विश्वजीत सर पटकन म्हणाले, "रंग संपला असेल मॅडम. शेवटी शेतात बसून केलेलं काम ते. काय रत्नमाला?"

सगळे हसले. सोनिया मॅडमही हसल्या. त्यांनी पान उलटायला बोट लावलंसुद्धा होतं. रत्नमालेनं नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"नाही मॅडम," रत्नमाला म्हणाली. "रंग होता. आत्यानं ह्या ओवीला खूण केली नाही. कारण पुढच्या खेपेला सांगते म्हणाली होती. मी गेलेच नाही. आणि तसंच छापलं."

सोनिया मॅडमनी मागं वळून विचारलं, "आत्या इथं आहेत का?"

पुतळाबाई उठून उभ्या राहिल्या. "हाय की. मी पुतळाबाई."

"आत्याबाई, ही ओवी तुम्हीच गायलीत ना? मग खूण का केली नाहीत?"

"गायली मीच. पर माझी नाय ती. माझ्या जावंची हाय, चंपाची. तिचं लेकरू गेलं वाटंवर, तवा तिनं जुळवली. आमी समद्याजणी संगं चालायचो, म्हनून मला ठाव. ही रतन लई मागं लागली, म्हनून माझ्या तोंडातनं निघून गेली." पुतळाबाईंनी पदर सारखा केला. "दुसऱ्याच्या मेंढराला आपली खूण लावत नसत्यात, बाई. त्याला चोरी म्हनत्यात."

रत्नमाला खाली बघत होती. चंपाबाई तिचीही नात्यातली. ते लेकरू गेल्याचं तिनंही लहानपणी ऐकलं होतं. फक्त ओवी त्याची आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला ती गेली नव्हती.

सोनिया मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "काम चांगलं आहे. पण चंपाबाईंना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. त्या म्हणतील तसं दुरुस्त करून पाठवा."

बाहेर व्हरांड्यात विश्वजीत सरांचा आवाज चढला. "एक वाक्य! रंग संपला होता, एवढं एक वाक्य म्हणायला काय जात होतं? मुलाखत नऊ दिवसांवर आली आहे!"

"मग बाकीच्या खुणांना काय अर्थ राहिला असता, सर?"

सर तसेच जिना उतरून गेले. मुलाखत झाली. रत्नमालेकडे पत्र नव्हतं, त्यामुळे तिला आत बोलावलंच नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या दिवशीही तिला दोन तास होते आणि तिनं ते घेतले.

पुढच्या रविवारी आत्या-भाची मला घेऊन चंपाबाईंकडे गेल्या. गंगापूरच्या पुढं, ऊसपट्ट्यात त्यांचं घर आहे. मेंढरं कधीच विकून टाकली, मुलं साखर कारखान्यात आहेत. चंपाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. रत्नमालेनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि पान उघडून ओवी वाचली. सुपातला हात थांबला.

"हे कुठं घातलंस?"

"पुस्तकात. विद्यापीठात राहील ते."

"कोन वाचतं तिथं?"

"कुणीही वाचू शकतं, काकू."

चंपाबाईंनी पुतळाबाईंकडे बघितलं. पुतळाबाईंनी मान खाली घातली. "माझं चुकलं, चंपे," त्या म्हणाल्या.

"काढ तिथनं," चंपाबाई रत्नमालेला म्हणाल्या. "त्या पुस्तकाला मी वळखत नाय. कोन उघडल, काय बोलल, मला काय ठाव."

"काढते, काकू." रत्नमालेनं माझ्या पानाचा कोपरा धरला. ती ते फाडणार होती. तिच्या बोटांचा ताण मला स्पायरलपर्यंत जाणवला.

"हिच्यातलं नगं फाडू!" चंपाबाई म्हणाल्या. मग डाळीतला एक खडा वेचून टाकला. "मला आता म्हनाया येत नाय ती. सुरू केली की पयल्या वळीच्या फुडं जात नाय. हिला घिऊन यीत जा मधनं मधनं. वाचून दाखवीत जा. तेवढंच."

त्या आत गेल्या आणि तव्याच्या बुडाला बोट लावून आल्या. मेंढरं होती तेव्हा त्यांच्या वेगळ्या निघालेल्या घरची खूण काळा ठिपका असायची. रंग आता घरात नव्हता, म्हणून काजळी. त्यांनी माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानाच्या समासात एक ठिपका उमटवला आणि बोट सुपाच्या कडेला पुसलं.

फकिराभाऊंनी बहिणीची शिवण उसवली, पान काढलं, पुढच्या सगळ्या पानांचे आकडे बदलून पुन्हा बांधली. सोनेरी अक्षरं होती तशीच झळकत राहिली. डिसेंबरात रत्नमालेला पदवी मिळाली. पक्की आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात उभी आहे. तिला पावसाची भीती नाही, वाळवीची नाही. रत्नमालेला लोक 'डॉक्टर' म्हणतात ते तिच्यामुळं. मला हे सगळं ठाऊक आहे आणि मला अजून पोटात दुखतं. त्या शालीवर मी पाच मिनिटं होते, ती कायमची काचेमागं आहे.

पण महिन्यातून एकदा रत्नमाला तास संपवून गंगापूरहून पुढची जीप पकडते, आणि पिशवीत मी असते. ओट्यावर चंपाबाई वाट बघत असतात. एक ओवी वाचून होते, मग चहा होतो, मग आम्ही परत येतो. बहिणीला कुणीही असं बोलावून घेत नाही.

ती ओवी काय आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ग्रंथालयात जाऊन माझ्या बहिणीला उघडलंत तर पानांचे आकडे सलग दिसतील, काहीही कमी वाटणार नाही. उघडा मात्र तिला. सगळे नुसते पाठीवरचं नाव वाचून पुढं जातात, आणि मत्सर असला तरी बहीण आहे ती माझी.

माझं एकच मागणं आहे. माझी स्पायरल आता फार दिवस टिकणार नाही. उद्या कुणी कपाट आवरताना मला रद्दीत टाकलं तरी माझी तक्रार नाही, कच्चीला कोण बघतं. फक्त त्याआधी काळा ठिपका असलेलं ते एक पान सोडवून घ्या, वाचू नका, आणि गंगापूरच्या पुढं चंपाबाईंना नेऊन द्या.